मेदपेशीतील दारे आणि इन्शुलिनचा निरोप

(जागतिक मधुमेह दिनानिमित्त ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या सभेत प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ नोव्हेंबर हा दिवस आपल्या देशात बालदिन म्हणून साजरा होतो. हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो. कारण इन्शुलिनच्या शोधात ज्यांचा प्रमुख वाटा होता, त्या कॅनडाच्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १८९१ साली याच तारखेस झाला. मुलांचा दिवस आणि मधुमेहाचा दिवस एकाच तारखेस यावा हा योगायोग खरा. परंतु या शोधाने सर्वप्रथम मुलांचेच प्राण वाचविले, हे लक्षात घेतले म्हणजे तो योगायोग अर्थपूर्ण वाटू लागतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. वीस वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येत त्याचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. आपल्या गोव्यात हेच प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. चार प्रौढ माणसे एकत्र बसली तर त्यांतील एकाला हा विकार असण्याचा संभव आहे, असा या आकड्याचा सरळ अर्थ होय. असे असूनही ‘इन्शुलिन सुरू झाले म्हणजे सारे संपले’, ‘एकदा टोचून घेतले की त्याची सवय जडते’, ‘साखर उतरली, आता औषध बंद केले तरी चालेल’, अशी वाक्ये घरोघर ऐकू येतात. ही वाक्ये बोलणारी माणसे अडाणी असतात असे मुळीच नाही. इन्शुलिन शरीरात नेमके काय करते हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते, एवढेच. मी वैद्यकाचा पदवीधर नव्हे. शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम. तेव्हा कोणते औषध किती घ्यावे हे मी सांगणार नाही. ते डॉक्टरांनीच सांगावयाचे. इन्शुलिनचे कार्य काय, एवढीच गोष्ट आज मी आपणांपुढे मांडणार आहे.

आपण भात खातो, भाकरी खातो, पाव खातो. या अन्नातील पिष्टमय पदार्थ पचून त्यांचे ग्लुकोज बनते व ते रक्तात मिसळते. रक्त ते सर्व शरीरभर वाहून नेते. परंतु रक्तातून वाहत असलेले ग्लुकोज म्हणजे दारापर्यंत आलेले धान्य होय. ते घरात शिरले तरच चूल पेटते. शरीरातील घरे म्हणजे पेशी. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ, तेलकट द्रव्याचे आवरण असते. त्यास पेशीपटल म्हणतात. ग्लुकोज पाण्यात विरघळणारे असल्याने या तेलकट पटलातून ते आपणहून आत जाऊ शकत नाही. त्याला आत घेण्यासाठी पटलात विशिष्ट प्रथिने बसविलेली असतात. ही वाहक प्रथिने म्हणजेच पेशीची दारे.

मेंदूच्या पेशींत आणि रक्तातील तांबड्या पेशींत ही दारे सदैव पटलावरच असतात. त्यांना ग्लुकोज घेण्यासाठी इन्शुलिनची वाट पाहावी लागत नाही. स्नायू आणि मेदपेशी, म्हणजे चरबी साठविणाऱ्या पेशी, यांची व्यवस्था मात्र निराळी आहे. त्या जेवणानंतर ग्लुकोज भराभर आत घेतात आणि उपवासाच्या वेळी ते मेंदूसाठी राखून ठेवतात. हा बदल घडविणारा निरोप म्हणजे इन्शुलिन. जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात ते तयार होते. रक्तातील ग्लुकोज वाढताच ते रक्तात सोडले जाते.

इन्शुलिन साखर ‘जाळते’ असा समज पूर्वी होता व तो अद्यापही पुष्कळांच्या मनात आहे. १९४९ च्या सुमारास शिकागो येथे रॅखमील लेव्हीन व त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यासाठी त्यांनी गॅलॅक्टोज नावाची, स्नायूंना वापरता न येणारी शर्करा निवडली. इन्शुलिन दिल्यानंतर ही शर्करादेखील रक्तातून पेशींत अधिक प्रमाणात शिरू लागली. ज्या शर्करेचे ज्वलन होतच नाही तीही आत जाते, त्या अर्थी इन्शुलिनचे काम ज्वलनाच्या आधीचे, म्हणजे प्रवेशाचे असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आता प्रश्न असा उरला की, प्रवेश वाढतो कसा? येथे आपल्या खाजन शेतीचे उदाहरण घेऊ. खाजनाच्या बांधाला मानस असते. भरतीचे पाणी चढले की तिचे दार मिटते, ओहोटी लागली की उघडते. दार बांधातच कायमचे बसविलेले असते. उघडमीट तेवढी होते. पेशीतही असेच होत असावे, दारे पटलात बसविलेलीच असावीत आणि इन्शुलिन त्यांना फक्त उघडत असावे, असे मानणे स्वाभाविक होते. पुष्कळ वर्षे तसे मानलेही गेले. प्रत्यक्षात प्रकार वेगळाच निघाला, आणि तो उघडकीस आला मेदपेशींमुळे.

मेदपेशी ही मोठी चमत्कारिक पेशी आहे. तिच्या मध्यभागी तेलाचा एकच मोठा थेंब असतो व पेशीचा उरलेला सर्व कारभार त्या थेंबाभोवतीच्या पातळ थरात दाटीवाटीने चाललेला असतो. १९६४ साली अमेरिकेत मार्टिन रॉडबेल यांनी उंदरांच्या चरबीवर एका पाचक द्रव्याची प्रक्रिया करून या पेशी एकमेकींपासून सुट्या करण्याची रीत प्रसिद्ध केली. तेलामुळे हलक्या असल्याने त्या पाण्यावर सायीसारख्या तरंगतात आणि सहज वेगळ्या काढता येतात. इन्शुलिनचा परिणाम तपासण्यासाठी संशोधकांना जणू एक उत्तम मोजमापच मिळाले. कारण अशा पेशींवर इन्शुलिन घालताच त्यांचा ग्लुकोज घेण्याचा वेग काही मिनिटांत दहापटीहून अधिक वाढतो.

१९८० साली अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, या कोड्याचा उलगडा केला. एका ठिकाणी सॅम्युएल कुशमन व लॉरेन्स वॉर्डझाला, तर दुसऱ्या ठिकाणी काझुओ सुझुकी व तेत्सुरो कोनो हे संशोधक होते. दोन्ही ठिकाणी मेदपेशींचे दोन भाग करण्यात आले. एका भागास इन्शुलिन दिले, दुसऱ्यास दिले नाही. नंतर पेशी फोडून, त्यांतील द्रव्य यंत्रात वेगाने फिरवून, बाहेरचे पटल व आतील पटलांचा साठा हे अलग केले आणि प्रत्येकातील दारांचे प्रमाण अजमावले. कुशमन यांनी दारांना चिकटणारे, बुरशीपासून मिळणारे एक द्रव्य वापरून दारे मोजली. कोनो यांनी प्रत्येक भागातील प्रथिने काढून कृत्रिम पटलांत बसविली व त्यांची ग्लुकोज वाहण्याची शक्ती तपासली. मार्ग दोन, पण उत्तर एकच आले. इन्शुलिन नसताना बहुतेक दारे पेशीच्या आत साठविलेली होती. इन्शुलिन मिळाल्यावर आतील साठा घटला व बाहेरच्या पटलावरील दारे वाढली. इन्शुलिन काढून घेतल्यावर ती पुन्हा आत परतत असल्याचेही लवकरच दिसून आले.

याचा अर्थ असा की, या पेशीच्या बांधावर मानस कायमची बसविलेली नसते. दारे गावातील कोठारात ठेवलेली असतात. निरोप आला की माणसे ती खांद्यावर घेऊन धावतात व बांधात नेऊन बसवितात. काम झाले की काढून पुन्हा कोठारात आणून ठेवतात. इन्शुलिन दार उघडते असे आपण म्हणतो. वास्तविक ते दार जागेवर आणवते.

या दाराची ओळख पुढे १९८८ व १९८९ या वर्षांत पटली. त्यास ग्लूट-४ असे नाव मिळाले. माणसाच्या शरीरातील हे प्रथिन ५०९ अमिनो आम्लांच्या साखळीचे असून ती साखळी पेशीपटलातून बारा वेळा आरपार ओवलेली असते. पेशी विश्रांत असताना शंभरांपैकी नव्वदांहून अधिक दारे आत असतात. इन्शुलिन मिळाल्यावर मेदपेशीत सुमारे निम्म्यापर्यंत दारे पटलावर येऊ शकतात.

निरोप कोठारापर्यंत पोहोचतो कसा, हेही आता बऱ्याच अंशी ज्ञात झाले आहे. इन्शुलिन स्वतः पेशीत जाऊन दारे हलवीत नाही. पटलावर त्याच्यासाठी एक ग्राहक प्रथिन असते. त्याचे एक टोक बाहेर व दुसरे आत असते. बाहेरच्या टोकाला इन्शुलिन येऊन चिकटले की आतील टोक जागे होते आणि शेजारच्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण उमटविते. ते पुढच्यास जागे करते, ते त्याच्याही पुढच्यास. सरकारी कचेरीत एखादी फाईल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर शेऱ्यासह जावी, तसा हा प्रवास होतो. फरक इतकाच की, तो काही मिनिटांत पूर्ण होतो. या मालिकेच्या शेवटाकडे ए.एस. १६० नावाचे एक प्रथिन आहे. अमेरिकेतील गुस्टाव्ह लीनहार्ड यांच्या प्रयोगशाळेने २००२ व २००३ या वर्षांत त्याचे कार्य दाखवून दिले. हे प्रथिन लगामासारखे असून एरवी ते दारांना आतच रोखून धरते. इन्शुलिनचा निरोप आला की लगाम सैल होतो. मग ज्या सूक्ष्म पिशव्यांत दारे ठेवलेली असतात त्या पटलाकडे सरकतात, पटलाला चिकटून त्यात मिसळून जातात आणि दारे पटलाचाच भाग बनतात. पेशींतील अशा पिशव्यांची वाहतूक कशी चालते याचा सर्वसामान्य उलगडा करणाऱ्या जेम्स रॉथमन, रँडी शेकमन व थॉमस स्यूडहोफ या तिघांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बंधु-भगिनींनो, आता या ज्ञानाच्या प्रकाशात मधुमेहाकडे पाहू. ही व्यवस्था मुख्यतः दोन प्रकारे बिघडते.

पहिला प्रकार, निरोप पाठविणाराच नाहीसा होतो. स्वादुपिंडातील इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी शरीराच्याच संरक्षक यंत्रणेकडून नष्ट केल्या जातात. हा प्रकार बहुधा लहान वयात दिसतो. पेशीत दारे असतात, रक्तात ग्लुकोज तुडुंब असते, परंतु दारे कोठारातच पडून राहतात. धान्याच्या राशीशेजारी उपासमार व्हावी तशी ही स्थिती. एरवी इन्शुलिन मेदपेशीतील चरबीचा साठाही राखून ठेवत असते. ते नाहीसे होताच चरबी बेसुमार वितळू लागते व यकृतात तिचे कीटोन नावाचे पदार्थ बनून रक्त आम्लधर्मी होते. मूल सारखे पाणी पिते, वारंवार लघवीस जाते, खाऊनही वाळत जाते. वेळीच ओळखले नाही तर ते बेशुद्ध होऊन दगावते. १९२२ पूर्वी अशा मुलांना फार काळ वाचविण्याचा उपाय जगात कोठेही नव्हता. त्या वर्षाच्या जानेवारीत टोरोंटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या मुलास इन्शुलिनचा अर्क टोचण्यात आला. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून दिलेल्या मात्रांनी मुलाची प्रकृती सुधारली, आणि तो पुढे तेरा वर्षे जगला. १९२३ साली संशोधकांनी आपले पेटंटचे हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरोंटो विद्यापीठास दिले. त्याच वर्षी बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा प्रकार अधिक प्रमाणात आढळतो. मधुमेहाचे बहुसंख्य रुग्ण याच प्रकारातील असतात. यात निरोप निघतो, पण तो ऐकला जात नाही. प्रथिनांच्या त्या मालिकेत निरोप मध्येच क्षीण होतो व पुरेशी दारे पटलापर्यंत येत नाहीत. अशा रुग्णांच्या स्नायूंत दारांची संख्या फारशी घटलेली नसते. घटलेली असते ती त्यांची हालचाल. मेदपेशींत मात्र दारेच कमी झालेली आढळतात. यावर कोणी म्हणेल की, जेवणानंतरच्या ग्लुकोजचा मोठा वाटा तर स्नायू घेतात. मग मेदपेशीची एवढी चिंता कशाला? त्याचे उत्तर २००१ साली बोस्टन येथील बार्बरा कान यांच्या गटाने दिले. त्यांनी असे उंदीर तयार केले की, ज्यांच्या फक्त मेदपेशींत ग्लूट-४ फारच थोडे होते. त्या उंदरांचे स्नायू व यकृत यांमधील दारे व अन्य व्यवस्था शाबूत असूनही शरीरात तेही इन्शुलिनला दाद देईनासे झाले. यावरून मेदपेशी ही केवळ चरबीची अडगळ नसून तिची स्थिती इतर अवयवांच्या कारभारावर परिणाम करते, हे सिद्ध झाले. पहिली काही वर्षे स्वादुपिंड अधिक इन्शुलिन पाठवून वेळ निभावून नेते. पुढे तेही थकते आणि रक्तातील साखर चढत जाते. हा काळ बहुधा निमूटपणे जातो. दुखत नाही, खुपत नाही. डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या शिरा यांवर मात्र त्याचा घाला पडत असतो. म्हणून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, विशेषतः ज्यांच्या घरी हा विकार आहे त्यांनी, त्रास होण्याची वाट न पाहता रक्त तपासून घ्यावे.

या निराशाजनक वाटणाऱ्या कथेत एक आशेची बाब आहे. स्नायूंतील दारांना कोठारातून बाहेर येण्यासाठी इन्शुलिनखेरीज आणखी एक निरोप चालतो, तो म्हणजे स्नायूंचे आकुंचन. आपण झपझप चालू लागलो की पायांच्या स्नायूंतील ग्लूट-४ वेगळ्या मार्गाने पटलावर येते. ज्यांच्या शरीरात इन्शुलिनचा निरोप क्षीण झाला आहे, त्यांच्यातही हा दुसरा मार्ग पुष्कळसा शाबूत असतो. शिवाय श्रमानंतर पुढील एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनलाही अधिक प्रतिसाद देतात. डॉक्टर रोज चालावयास सांगतात ते केवळ वजनासाठी नव्हे, हे आता आपल्या ध्यानात येईल. आपल्या वाडवडिलांचे स्नायू शेतात व बांधावर दिवसभर राबत होते. आपले स्नायू खुर्चीवर व दुचाकीवर बसलेले असतात. तेवढी उणीव आपणांस जाणूनबुजून भरून काढावी लागेल.

सुरुवातीस सांगितलेल्या समजुतींचे उत्तरही यातच आहे. इन्शुलिन हा शरीराचा स्वतःचाच निरोप आहे. तो कमी पडला म्हणून बाहेरून द्यावा लागतो, त्यास व्यसन म्हणता येत नाही. तसेच दारे पटलावर कायमची बसत नाहीत. निरोप संपला की ती आत परततात. म्हणून आज साखर उतरली यावरून उद्या इन्शुलिन नको असे ठरत नाही. ज्या मुलास पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, त्याचे इन्शुलिन कोणाच्याही सांगण्यावरून, कोणत्याही मुळीपाल्याच्या भरवशावर, एक दिवसही बंद करू नये. तसे करणे जिवावर बेतते. इतरांनीही औषधात बदल करावयाचा तो डॉक्टरांना विचारूनच करावा.

शिक्षकांना एक खास विनंती आहे. बाहेरून टोचलेले इन्शुलिन रक्तातील साखर किती उरली हे पाहून थांबत नाही. ते दारे पटलावर आणीतच राहते. मुलाने डबा खाल्ला नाही किंवा खेळ जास्त झाला तर रक्तातील साखर एकदम खाली येते व तिचा फटका मेंदूस बसतो. मूल थरथरते, घामाने निथळते, चिडते, असंबद्ध बोलते. ही खोडी नव्हे. अशा वेळी ते शुद्धीवर असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यास लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. मुलास कुशीवर निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा मुलास वर्गात पाणी पिण्याची, लघवीस जाण्याची व वेळेवर खाण्याची मुभा द्यावी. त्यास खेळातून वगळू नये. मात्र साखर जवळ असू द्यावी.

इन्शुलिन स्वतःही एक प्रथिनच आहे. एक्कावन्न अमिनो आम्लांची त्याची रचना उलगडल्याबद्दल फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक लाभले. प्रथिन असल्यामुळे ते गिळल्यास पोटात पचून जाते, म्हणून टोचून घ्यावे लागते. आणि प्रथिन असल्यामुळेच ते उन्हाने बिघडते व गोठल्यानेही बिघडते. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, म्हणजे फ्रिजच्या फळीवर ठेवाव्यात. बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही. फ्रिज नसेल तर मातीच्या मोठ्या भांड्यात लहान भांडे ठेवून मधल्या पोकळीत ओली वाळू भरावी व आतील भांड्यात बाटली बंद डब्यात घालून सावलीत ठेवावी.

ग्रामस्थहो, पेशीच्या आत घडणारी ही ये-जा डोळ्यांना दिसत नाही. परंतु तिच्यावर आपल्या शेजाऱ्याचे डोळे, आपल्या बहिणीची मूत्रपिंडे आणि आपल्या शाळेतील एखाद्या मुलाचा प्राण अवलंबून आहे. घरी गेल्यावर एवढे करा: तिशीवरील कोणाचे रक्त अजून तपासलेले नसेल तर या आठवड्यातच जवळच्या आरोग्य केंद्रात त्यास घेऊन जा, आणि गावात कोणा मुलाचे इन्शुलिन पैशाअभावी वा भीतीपोटी अडले असेल तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. 

जय हिंद.